दाभाडे सरांचं कोरं पान

दाभाडे सरांच्या प्रबंधाचं पहिलं पान सोळा वर्षं कोरं होतं. बाकीची सगळी पानं टाईप झालेली, लाल फडक्यात बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. फक्त ज्या पानावर विद्यापीठाचं नाव येतं, ते पान मोकळं.

प्रबंध पुरा झाला ते साल अठ्ठ्याहत्तर. त्याच पावसाळ्यात मुंबईला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, ठराव अडकून पडला. सरांनी तेव्हा ठरवलं की नवं नाव येईल तेव्हा प्रबंध देईन. हे त्यांनी सभेत सांगितलं नाही, वर्तमानपत्रात छापून आणलं नाही. पहिलं पान टाईप करू नका, एवढंच टायपिस्टला सांगितलं.

मला माणसाबद्दल लिहायची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. आमची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, गाव वैजापूरकडचं. मी आजवर लिहिलं ते परीक्षेत, त्यामुळं हेही उत्तरपत्रिकेसारखं व्हायची भीती वाटते. पण सरांबद्दल एक गोष्ट माझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही, आणि तिच्यात माझी चूक आहे.

सर आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचे. बारीक अंगाचे, सावळे, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा. वर्गात आले की खिशातून रुमाल काढून खुर्चीवर पसरायचे आणि मग बसायचे. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "सर, पँट मळती म्हणून का?"

"पँट नाही हो. खुर्ची," सर म्हणाले. "मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्यानंतर बसणारे एक गृहस्थ ती रोज पुसून घ्यायचे. म्हटलं, त्यांचे कष्ट वाचवावेत."

वर्ग हसला. मग एकेक जण हसायचा थांबला. सरांनी तोवर फळ्यावर तारीख घातली होती.

ते आम्हा सगळ्यांना अहोजाहो करायचे. "शिंगाडे, उठा" असं त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं. मला 'तुम्ही' म्हणणारा तोवर एकच माणूस भेटला होता, तालुक्याच्या कचेरीतला शिपाई, आणि तो चेष्टा करत होता.

सरांचा एक प्रश्न ठरलेला असे: "हे किती हातांतून आलं?" कॅन्टीनचा चहा असो की वही. शहरातल्या शहागंजात पेरू घेताना ते गाडीवाल्याला हाच प्रश्न विचारायचे आणि गाडीवाला वैतागून म्हणायचा, "साब, अमरूद खाना है की उसका खानदान पूछना है?"

प्रबंधाचा विषय ऐकून लोक हसायचे. एका देशाचा पैसा दुसऱ्या देशाच्या पैशात बदलताना प्रत्येक वेळी अगदी नाममात्र कर लावावा, असा तो विषय. कल्पना परदेशातल्या एका अर्थतज्ज्ञाची, हे सर आधी सांगून टाकायचे. स्टाफरूममध्ये त्यांना म्हणत, "दाभाडे, मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही डॉलरवर कर बसवायला निघालात." सर म्हणत, "बसवायला कुठं निघालोय? टाईप करून पेटीत ठेवलाय."

वर्गात त्यांनी हा विषय एका खडूवर शिकवला. खडू एकाला दिला आणि म्हणाले, "हा विका. घेणाऱ्यानं पुढं विकायचा. किंमत तोंडी बोला." पाच मिनिटांत वर्गाचा बाजार झाला. आठ आण्यांचा खडू नऊ रुपयांवर गेला. मागचा एक जण ओरडत होता, "अरे घे की, उद्या वीसला जाईल!" कुणाला काही लिहायचं नव्हतं, पण खडू सगळ्यांनाच हवा होता. मग सरांनी हात वर केला.

"आता एकच नियम. खडू विकला की विकणाऱ्यानं फळ्यापर्यंत यायचं, स्वतःचं नाव लिहायचं, आणि परत जाऊन बसायचं."

पहिले दोघे आले. तिसरा अर्ध्या वाटेतून ओरडला, "जाऊ द्या सर, ठेवतो मीच!" खडू त्याच्याकडंच राहिला. वर्ग खदखदून हसत होता.

"बंदी घातली का मी?" सर म्हणाले. "नाही. थांबायला लावलं. ज्याला खरंच लिहायचंय तो एकदा खडू घेईल, एकदा फळ्यापर्यंत येईल, त्याचं काही बिघडत नाही. दिवसातून पन्नासदा विकणाऱ्याचे पाय दुखतात. सगळा कर एवढाच आहे. थांबायला लावा."

मला हे तेव्हा खेळासारखं वाटलं. पुढच्या वर्षी रुपयाची किंमत उतरवली गेली आणि वाळूजला माझा मोठा भाऊ ज्या कारखान्यात होता तिथं बाहेरून येणारा एक सुटा भाग परवडेना. भावासकट चाळीस पोरांना ब्रेक दिला, घरी बसवलं. भाऊ माझ्या खोलीवर आला आणि दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मी लेथवर एक दिवस खाडा केला नाय. मग माझं चुकलं काय?"  मी त्याला सरांकडं नेलं.

सर शहागंजात एका कापड दुकानाच्या वरच्या खोलीत एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. खोलीत एक खाट, पुस्तकं आणि ती पेटी. सरांनी भावाला खाटेवर बसवलं, स्वतः चहा केला.

"तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "किंमत सरकारनं उतरवली, तेही खरं. पण त्याआधी बाहेरच्या लोकांनी इथं ठेवलेले पैसे भराभर काढून नेले. त्यांना फक्त फोन उचलायचा होता. तुम्हाला लेथ शिकायला किती दिवस लागले?"

"दोन वर्षं."

"बघा. त्यांना दोन मिनिटं. हा फरक थोडा कमी करावा, एवढंच माझ्या त्या पेटीत आहे."

भावानं पेटीकडं पाहिलं. "मग तुम्ही ते कुणाला दिलं का नाय?"

सर हसले. "पहिलं पान राहिलंय."

त्या दिवशी मी भीतभीत माझ्याकडची गोष्ट सांगितली. आमच्या भागात एका गावी जनावरांचा बाजार भरतो. तिथं हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, सकाळी धनगराकडून मेंढी घेतात. ती दुपारपर्यंत चार हेड्यांच्या हातांतून जाते, खुंटा मात्र बदलत नाही. भाव चढत जातो, आणि ज्याला खरंच मेंढी पाळायची आहे तो शेवटचा भाव देतो. मी लहान असताना तिथं नियम झाला की प्रत्येक सौद्याला टेबलावर येऊन पावती फाडायची, फी अगदी किरकोळ. धनगर वर्षातून एकदा विकतो, त्याला काही वाटलं नाही. हेडे कंटाळले. दोन वर्षं भाव निवांत राहिले.

सर उभेच राहिले. "शिंगाडे, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय?"

"हो सर. टेबल पाहिलंय, रांग पाहिली."

"मी पंधरा वर्षं लंडन-न्यूयॉर्कचे दाखले शोधतोय. आणि तो बाजार माझ्या गावापासून दोन तासांवर!" त्यांनी त्याच वेळी कागद ओढला. पुढं त्याचं शेवटचं प्रकरण झालं. तळटीपेत माझ्या वडिलांचं नाव आलं. आमच्या घराण्याचं नाव टाईप झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नाव लिहून घेताना सरांनी सहज विचारलं, "अठ्ठ्याहत्तर साली तुमचे वडील कुठं होते?"

आमच्या गावची वस्ती त्या वेळी जळाली होती, हे त्यांना माहीत असणार. मी घरात नेहमी ऐकलेलं सांगितलं, "मेंढरं घेऊन लांब गेले होते, सर. गावात नव्हते."

"बरं," सर म्हणाले आणि लिहीत राहिले.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नाव आलं. शहागंजात गुलाल होता, हलग्या होत्या. नवं नाव आलं तरी जुनं पुसलं नव्हतं, दोन्ही एकत्र जोडलेली होती. काहींना ते अर्धवट वाटलं. मी सरांना विचारलं. ते खिडकीतून मिरवणूक बघत होते. "किती घरं गेली यात," ते म्हणाले. "आता कमीजास्त मोजायला बसलो तर मला सहन होणार नाही. आलंय. बस."

खालचे दुकानदार चाचा वर आले. "प्रोफेसर साब, मुबारक! अब तो पेटी खुलेगी ना? मिठाई कब?"

"पन्ना टाईप होने दो, चाचा."

पान टाईप झालं. नाव मोठं झालं होतं, दोन ओळी लागल्या. सरांनी ते उन्हात धरून पाहिलं, जणू शाई वाळायची होती. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी धावपळ करून नोंदणीची मुदत शेवटची वाढवून आणली होती, एप्रिलअखेरपर्यंत. त्यानंतर प्रबंध कुणी घेणार नव्हतं. सरांच्या निवृत्तीलाही थोडेच महिने होते. आता फक्त बांधणी करून द्यायचा होता.

होळीला मी गावी गेलो. वडिलांना मोठ्या हौसेनं सांगितलं की तुमचं नाव पुस्तकात येणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विडी विझवून म्हणाले, "भागा, पर त्ये तसं नाय झालं."

"म्हणजे?"

"अरं, हेडं कशाला थांबत्यात? पावती फकस्त शेवटच्याची फाडायचे. मधले समदे सौदे पटक्याखाली. हातावर पटका टाकून बोटं धरायची, मोकळं व्हायचं. टेबलावर कोण जातंय?"

"आणि भाव निवांत होते ते?"

"त्या दोन सालात चारा लई होता. कुणी मेंढी विकतच नव्हतं."

 टेबल पाहिलं होतं, रांग पाहिली होती, पण रांगेत कोण नव्हतं ते मला दिसलं नव्हतं. आमच्या माणसाला पटक्याखालचा हात इतका रोजचा असतो की ती गोष्ट सांगायची असते हेच मला सुचलं नाही.

एसटीनं परत येताना मी ठरवलं की काही बोलायचं नाही. एका बाजारावरून जगाचं काय बिघडणार होतं? परीक्षक काही वैजापूरकडं येऊन बघणार नव्हते. सोळा वर्षं थांबलेल्या माणसाला आता मी कसं थांबवू? आठ दिवस मी शहागंजाकडं फिरकलो नाही. नवव्या दिवशी सरच कॉलेजच्या फाटकापाशी भेटले. "शिंगाडे, बांधणीला टाकतोय परवा. तळटीप एकदा वाचून जा. वडिलांचं नाव चुकायला नको."

मग मला राहवलं नाही. फाटकातच सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पटक्याखाली," ते म्हणाले. "प्रत्येक सौदा?"

"मधले सगळे."

"म्हणजे कर लावला आणि बाजार कापडाखाली गेला."  माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. "तिकडंही असंच होईल, नाही का? एका देशानं टेबल मांडलं की सौदे दुसरीकडं. दुसऱ्यानं मांडलं की कापडाखाली. मी सोळा वर्षं टेबलाचाच विचार केला."

"सर, एवढं एक प्रकरण काढून टाकलं तर?"

"काढता येईल. पण मग मला माहीत असलेलं मीच झाकून ठेवल्यासारखं होईल."

मार्गदर्शकांनी त्यांना चाचांच्या दुकानातल्या फोनवर पुष्कळ समजावलं. मी समोर होतो. शेवटी त्यांचा आवाज चढला, तो मलाही ऐकू आला, "अहो दाभाडे, बिनचूक प्रबंध कुणाचा असतो? द्या आणि सुटा!" सर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण या विद्यापीठाचं नाव घातलेलं पान मी खोट्या प्रकरणावर लावणार नाही." फोन ठेवून ते मला म्हणाले, "कर चुकीचा नाही, शिंगाडे. कापडाखाली शेवटी दोन हात असतात. त्यातल्या एकाला बोलावंसं वाटेल, अशी काय व्यवस्था करता येईल, ते लिहायला हवं. मला तो बाजार दाखवा."

आम्ही एप्रिलमध्ये तीन बाजार केले. सर हेड्यांना, कारकुनांना, धनगरांना विचारत फिरायचे. लिहून घ्यायचं काम माझं. ऊन भयंकर होतं. ते मधेच खुंट्यांच्या ओळीत उकिडवे बसायचे, छातीवर हात ठेवून म्हणायचे, "थांबा जरा." मी पाणी आणायचो. एप्रिल संपला. प्रबंध गेला नाही. मेमध्ये सर रोज सांगत होते, मी लिहून घेत होतो, आणि ते म्हणत होते, "मुदत गेली तर गेली, प्रकरण तर पुरं होईल." तेही झालं नाही. कॉलेज उघडायच्या चार दिवस आधी ते जिन्यातच गेले. चाचांनी त्यांना उचलून दुकानात आणलं, तेव्हा हातात टायपिंगला द्यायचे कागद होते.

पेटी आता माझ्याकडं आहे. पहिलं पान टाईप झालेलं आहे, शेवटचं प्रकरण माझ्या अक्षरात, अर्धं. मी विभागात चौकशी केली. कारकून पहिलं पान बघून सहानुभूतीनं म्हणाला, "नाव तेवढं सुंदर आलंय." मी हेही खूप वेळा मनात घोळवलंय, की फाटकात गप्प बसलो असतो तर सर डॉक्टर झाले असते. कदाचित जगलेही असते. ते काही वेळा मला पटतं आणि काही वेळा पटत नाही. मात्र झोप दोन्ही वेळा लागत नाही.

सरांचं मला शेवटी आठवतं ते जिन्यातलं नाही. ते तिसऱ्या बाजारातलं आहे.

त्या दिवशी वडील मेंढरं घेऊन आले होते. सर म्हणाले, "मला ती बोटांची रीत शिकवा. लिहिण्याआधी हाताला कळली पाहिजे." त्यांनी खिशातून आपला पांढरा रुमाल काढून पुढं धरला.

वडील हसले. "ह्यो पुरायचा नाय, गुरुजी." मग त्यांनी एकदा इकडं तिकडं पाहिलं आणि डोक्याचा पटका सोडला. मी त्यांना बाजारात बोडक्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. पटका दोघांच्या हातांवर पडला. खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. वडील सांगत होते, "एक बोट धरलं की शंभर. दोन, दोनशे. समदा पंजा, पाचशे. आता बोला मेंढीचं." सर एकाग्र होऊन, परीक्षेला बसल्यासारखे, कापडाखाली चाचपत होते. "हं. चुकलं का?" "नाय, बरोबर हाय. दाबून धरा, हेडा सैल हाताला फसवतो."

असं चार-पाच वेळा झालं. मग वडील शिकवायचे थांबले. हात काढला नाही. पटक्याकडं बघतच हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, त्या साली मी लांब नव्हतो."

सरांनी मान वर केली.

"टेकडीवर होतो. मेंढरं घेऊन. वस्तीचा धूर दिसला. माणसांचं वरडनं पण ऐकू आलं." वडिलांनी पटक्याची कड सारखी केली. "मी खाली उतरलो नाय. घरी सांगितलं, लांब होतो म्हून."

 या वेळी सर 'बरं' म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता आणि त्यावर माफी होती असं मला म्हणता येणार नाही. रागही म्हणता येणार नाही. हात मात्र त्यांनीही मागं घेतला नाही.

शेजारचा हेडा बराच वेळ टपून होता. मेंढी त्यालाही हवी होती. शेवटी न राहवून तो ओरडला, "काय वो, किती वेळ? सौदा झाला का मोडला?"

 ऊन वडिलांच्या उघड्या डोक्यावर होतं आणि पटक्याखाली दोन हात तसेच होते.